कुंपणावर वाळणारी फडकी

दुपारी गिऱ्हाईक नसतं. शहापूरच्या बाजारात, स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं शिवणाचं छोटं दुकान आहे. सकाळी बायका मापं देऊन जातात, संध्याकाळी भांडायला येतात आणि मधल्या वेळात मी निवांत कापड कापून घेते. परवा एका हिरव्या ब्लाउजच्या बाह्या कापत होते आणि दारातून वास आत आला. शेजारच्या मोबाइलवाल्याने लगेच मान आत घातली.

"ताई, मशीन बघा तुमचं. काहीतरी जळतंय."

"मशीन नाय रे," मी म्हटलं, "राब भाजतायत कुठं तरी."

तो नाशिककडचा. राब म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. मग कात्री खाली ठेवून त्याला सांगत बसले. भाताचं रोप जिथे करायचं, त्या शेताच्या तुकड्यावर वाळक्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत पसरायचं, वरून माती भुरभुरायची आणि वारा पडला की एका बाजूने पेटवून द्यायचं. माती भाजून निघते, तणाचं बी जळून जातं, आणि पावसाळ्यात तिथलं रोप असं तरारून येतं की बघत राहावं. फाल्गुन लागला की शहापूर-मुरबाडकडे डोंगरांच्या पायथ्याशी जिकडेतिकडे हे चाललेलं असतं. "पण पोल्यूशन होतं ना, ताई," तो म्हणाला. होतं, मी म्हटलं. तो गेला आणि मी परत कात्री हातात घेतली. थोड्या वेळाने बघते तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापून ठेवलेल्या. इतकी वर्षं शिवतेय, पण ही चूक माझ्याकडून फक्त राबाच्या दिवसांत होते.

माझ्या मुली अशाच दिवसांत आल्या. यायच्या होत्या पाऊस सुरू झाल्यावर, आल्या पळस फुललेला असताना. दोघी एकदम. इतकी घाई कसली होती त्यांना, हे मी अजून अधूनमधून विचारते. करुणा म्हणते, मुदिताने ढकललं. मुदिता म्हणते, करुणाने आधी दार उघडलं. दोघी दुसरीत आहेत. या प्रश्नाला त्या दर वेळी नवं उत्तर देतात आणि मी दर वेळी हसते, कारण खरं उत्तर कोणालाच ठाऊक नाही.

तेव्हा हसायला येत नव्हतं. ऑपरेशन करून दोघींना बाहेर काढलं आणि मला नीट शुद्ध यायच्या आत गुंडाळून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. नेताना एक सिस्टर माझ्या कॉटजवळ क्षणभर थांबली असावी. मला एक पाऊल दिसलं. कपड्यातून बाहेर आलेलं, जांभळट, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं पाऊल. ते करुणाचं की मुदिताचं, हे मला आजही सांगता येत नाही. माझी नजर मापाची आहे. रस्त्याने जाणाऱ्या बाईचा खांदा कुठल्या बाजूला उतरलाय ते मला लांबून कळतं. आणि माझ्या मुलींचं पहिलं माप म्हणून माझ्याकडे आहे ते हे, एकीचं, एकच पाऊल.

मीही दोन दिवसांत उठून त्यांच्या मागे जाणार होते. पण मला ताप भरला आणि टाके पिकले. शिंपिणीचेच टाके उसवले, असं म्हणून मी तेव्हा स्वतःवर हसायला गेले तर पोटात अशी कळ आली की हसणं तिथेच थांबलं. जखमेत पू आहे, चालायचं नाही, जिना चढायचा नाही, आणि अंगात जंतू असताना त्या नाजूक बाळांच्या खोलीत तर पाऊलच टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग आई आली आणि मला उचलून माहेरी घेऊन गेली. मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला आमचं गाव आहे. गावाच्या खालच्या बाजूला आमची बौद्ध वस्ती, वस्तीच्या शेवटी आमचं घर, आणि घराच्या मागे लागूनच शेत.

तिथे बाजेवर पडल्या पडल्या त्या अख्ख्या हंगामात माझ्या मनात एकच प्रश्न होता. या पोरी मला ओळखतील का? बाकीचे लोक दुसराच प्रश्न विचारत. थेट नाही, आडून विचारत. "बऱ्या हायत ना?" म्हणत आणि उत्तर यायच्या आत दुसरीकडे बघत. जगतील का, हा प्रश्न मी तोंडातूनच काय, मनातूनही काढत नव्हते. ओळखतील का, असं विचारलं की त्यात त्या जगणार आहेत हे धरूनच चाललेलं असायचं. म्हणून मी तेवढंच विचारत राहिले. विचारता विचारता तोच प्रश्न खरा झाला आणि छातीवर बसला.

बाळाशिवायचं बाळंतपण काय असतं ते मी पाहिलं आहे. आईने त्यातलं काही म्हणून सोडलं नाही. रोज तेल लावून अंग रगडणं, कढत पाण्याची आंघोळ, बाजेखाली शेगडी, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, डोक्याला फडकं आणि कानात कापूस. सगळं यथासांग. फक्त कुशीत कोणी नाही. वस्तीतल्या बायका बाळंतिणीला बघायला म्हणून यायच्या, सवयीने बाजेवर नजर फिरवायच्या, मग त्यांना आठवायचं आणि त्या खजील होऊन माझ्या तब्येतीचं विचारायला लागायच्या. एक काकू लाल रंगाचं टोपडं घेऊन आल्या. मी ते हातात धरलं आणि मला लगेच कळलं की माझ्या मुलींना ते गळ्यापर्यंत येईल. काकूंना सांगितलं नाही. छान आहे म्हटलं आणि उशाशी ठेवून दिलं.

मी शिंपीण, आणि माझ्या मुलींसाठी माझ्या हातचं एक चिंधुकही शिवून तयार नव्हतं. पोटातल्या बाळाचं आधी काही शिवायचं नाही, हे आईचं म्हणणं. आमच्याकडे पाचवी नाही, सटवी नाही, उपासतापास नाहीत. आईने ते सगळं केव्हाच सोडलेलं. पण हे मात्र तिने ठेवलं होतं. मी तिला चिडवायचे, की तू सगळे देव सोडलेस आणि भीती तेवढी ठेवलीस. ती म्हणायची, "भीती काय देवाची अस्ते का? ती आपलीच अस्ते." गल्लीतल्या सगळ्या पोरांची झबली माझ्या मशीनवर शिवली गेली, आणि माझ्या मुली दवाखान्याच्या हिरव्या कापडात गुंडाळून गेल्या. ही खंत छोटी आहे, हे मला कळतं. छोटी आहे म्हणूनच ती अजून कुठेतरी टोचते.

मुलींची बातमी विजय आणायचा. विजय म्हणजे माझा नवरा, वासिंदजवळच्या एका गोदामात कामाला. त्याने रजा टाकली आणि दवाखान्यातच मुक्काम ठोकला. रोज दुपारी तो मोटारसायकलवरून मुरबाडला यायचा, मी काढून ठेवलेलं दूध बर्फाच्या डब्यात घालून परत जायचा. उन्हाने रापून काळा झालेला. डोळे तारवटलेले. आला की आई त्याला आधी पाणी द्यायची, मग भाकरी, आणि मी बाजेवरून ओरडायचे, "आधी सांग!" तो घास तोंडात ठेवूनच सांगायचा. एकीच्या नाकातली नळी काढली. दुसरीची परत घातली. एकीने डोळे उघडले. काचेच्या पेटीत दोघी कशा झोपतात. एक हात वर करून झोपते, दुसरी पाय दुमडून. अजून नावं नव्हती. कागदावर ट्विन वन आणि ट्विन टू. विजयने त्यांना वरचीवाली आणि खालचीवाली म्हणायला सुरुवात केली होती, कारण एकीची पेटी खिडकीकडे जरा उंचावर होती.

एके दिवशी तो आला तो भाकरीकडे न बघता हसत उभा राहिला. सिस्टरांनी त्याला शर्ट काढून खुर्चीत बसवलं होतं आणि वरचीवालीला त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं होतं. वरून चादर गुंडाळली. कांगारूसारखं, असं सिस्टर म्हणाल्या. बाळाला ऊब मिळते, छातीचे ठोके ऐकू येतात, वजन वाढतं. "माझ्या छातीचे केस धरून झोपली गो ती," विजय म्हणाला. "हलायची बी चोरी. पाय मुंग्या येऊन मेले, पण मी हाललो नाय." आणि मग म्हणाला, "सायबाला सांगितलं रजा पायजे म्हणून, आणि तिथं जाऊन बघ, आई झालो मी."

आई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. तो गेल्यावर मात्र मी भिंतीकडे तोंड करून पडले. मला त्याचा हेवा वाटला. नवऱ्याचा, आणि तोही असा हेवा, हे कोणाला सांगायचं? जी जागा माझी होती तिथे तो बसला होता. बसायलाच हवा होता. त्याने ती जागा रिकामी राहू दिली नाही म्हणून माझ्या मुली वाढल्या. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

दुधाचंही तसंच. वाटीत दूध काढायचं, उकळून घेतलेल्या बाटलीत भरायचं, झाकण लावायचं. हाताला रग लागायची. बाळ प्यायला लागलं की पान्हा फुटतो म्हणतात. मला तो राबाकडे बघत फोडावा लागायचा. खिडकीतून मागचं शेत दिसायचं. वस्तीतले लोक डोक्यावर फांद्यांचे भारे घेऊन येत, शेतात पसरत, शेणाच्या पाट्या ओतत. वारा पडला की कोणीतरी काडी लावे. जाळ फारसा दिसत नसे, नुसता पांढरा धूर जमिनीला धरून सरकत यायचा आणि आमच्या परड्यात येऊन कुंपणावर रेंगाळायचा. त्या धुराकडे बघत मी दूध काढायचे आणि ते कोणाच्या तोंडात जाणार ते तोंड डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करायचे. पाऊल दिसायचं. तोंड दिसत नसे.

मग एके दिवशी विजयने सिस्टरांचा निरोप आणला. बाळाच्या आईला सांगा, मऊ सुती कापडाचा तुकडा दिवसभर अंगाशी धरा, चोळीच्या आत. मग तो तसाच इथे पाठवा. आम्ही बाळांच्या डोक्याशी ठेवू. बाळं आईला वासावरून ओळखतात.

मी बाजेवर उठून बसले. त्या दिवसांत मला करायला काहीतरी मिळालं होतं, आणि तेही कापडाचंच. आईचं एक जुनं पातळ काढायला लावलं. धुवून धुवून इतकं विरलं होतं की हातात घेतलं तर कळायचं नाही. त्याचे चौकोन कापले. कडा दुमडल्या नाहीत, कारण दोरा त्या कातडीला बोचला असता. दोन चौकोन दिवसभर छातीशी, दोन उद्यासाठी. अंगाला घाम यायचा, दूध पाझरायचं, आईने लावलेल्या तेलाचा वास यायचा. एरवी मला त्याची शिसारी आली असती. तेव्हा वाटायचं, भिजू दे. होतं नव्हतं ते सगळं त्या चौकोनांत उतरू दे आणि तिथे जाऊ दे. मी इथे अडकले आहे, तर माझा वास तरी जाऊ दे. ओळखतील का या प्रश्नाचं उत्तर मी रोज चोळीत घालून बसत होते.

"आई, हे धुवायचं नाय," मी संध्याकाळी फडकी काढून देताना बजावायचे. "असंच पिशवीत घालायचं."

"बरं," आई म्हणायची.

पिशवी आईच भरायची. मला बाजेवरून खाली उतरायची बंदी होती. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपत आले तरी आईचा सव्वा महिना संपला नव्हता, आणि तिच्यापुढे डॉक्टरांचं काय चालणार? दुसऱ्या दिवशी दुपारी विजय यायचा, तिथून परत आलेली फडकी आईकडे द्यायचा, नवी घेऊन जायचा. खिडकीतून मला परड्यातलं कुंपण दिसायचं. त्यावर आईचं लुगडं, माझे गाऊन, आणि ओळीने ते चौकोन वाळत घातलेले. दवाखान्यातून आलेले असणार, मी म्हणायचे. मागून राबाचा धूर यायचा, फडकी जराशी हलायची. मला ते दृश्य फार आवडायचं. रिकाम्या घरात बाळाची चाहूल लागावी असं काहीतरी त्यात होतं.

जखम भरली आणि मी जायचा दिवस आला. आईने रिक्षा सांगितली, कानाला फडकं बांधलं, गरम पाण्याची बाटली दिली, आणि स्वतः मात्र आली नाही. तिला ती काचेची खोली बघवणार नव्हती. दवाखान्यात मी आंघोळ केली, त्यांचे कपडे घातले, हात कोपरापर्यंत धुतले. खोलीत यंत्रांचा बारीक आवाज आणि औषधांचा वास. विजय मला आधी खिडकीकडच्या पेटीशी घेऊन गेला, जसं काही तो घरमालक आणि मी पाहुणी. "ही वरचीवाली," तो म्हणाला. मी पाहिलं. कपाळ माझं. हनुवटी विजयची. आणि त्या चेहऱ्यात माझ्या मनातलं काहीच नव्हतं. इतक्या दुपारी बसून मी जो चेहरा रचला होता, तो हा नव्हे. मला रडूही आलं नाही. आधी माफी मागावीशी वाटली.

सिस्टर चांगल्या होत्या. जाडशा, चष्मा लावलेल्या, बोलायला मोकळ्या. "आल्या का तुम्ही? या, बसा. यांचे बाबा तर आता आमच्या स्टाफमधलेच झालेत." त्यांनी मला खुर्चीत बसवलं, अंगरखा मोकळा केला, आणि खालचीवालीला, आजच्या मुदिताला, माझ्या छातीवर ठेवलं. वजन म्हणून जाणवेना. नुसती ऊब. आणि तिने तोंड वेडंवाकडं केलं आणि रडायला लागली. आवाज मांजराच्या पिल्लासारखा. मी थोपटलं, मी हुं हुं केलं, मी श्वास रोखला. ती मान इकडेतिकडे वळवत होती आणि तिला जे हवं होतं ते तिला सापडत नव्हतं. विजय पुढे आला आणि थांबला. त्याचं थांबणं मला दिसलं.

"थांबा हं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पेटीतलं फडकं उचललं आणि माझ्या खांद्याशी, मुदिताच्या नाकाजवळ ठेवलं. तिने दोनदा श्वास घेतला आणि ती गप झाली. मूठ उघडली. झोपली.

"बघा," सिस्टर म्हणाल्या, "फडकं ठेवलं की दोघी अशाच शांत होतात. तुमच्या घरी चूल आहे का हो? जरा धुरकट वास असतो त्याला. पण यांना आवडतो."

मी मान वाकवली आणि त्या फडक्याचा वास घेतला. साबण. ऊन. आणि राबाचा धूर. त्यात माझा घाम नव्हता, दूध नव्हतं, तेल नव्हतं. मी त्यात कुठेच नव्हते.

माझी मुलगी माझ्या छातीवर पहिल्यांदा झोपली होती, आणि ती माझ्या आईच्या परड्यात झोपली होती.

घरी आले तेव्हा आई धुण्याच्या दगडाशी होती. मी विचारलं. ओरडले नाही, ताकद नव्हती. ती हात पुसत उभी राहिली आणि लगेच कबूल झाली. लपवायचं तिच्या ध्यानातच नव्हतं. रोज संध्याकाळी मी दिलेली फडकी ती पहाटे साबणाने धुवायची, कुंपणावर वाळवायची आणि दुपारी घडी घालून पिशवीत ठेवायची.

"अगो, घाण वास यायचा त्याला," ती म्हणाली. "दुधाचा, घामाचा. तसं कसं पाठवायचं? डॉक्टर लोक हायेत तिथं. कोणाच्या घरातनं आलंय हे, असं कोण बोलला अस्ता तर?"

"आई, सिस्टरनीच सांगितलं होतं धुवायचं नाय म्हणून."

"तसं ते सांगतात गो," आई म्हणाली. "तोंडावर सांगतात."

आईच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना चढू देत नसत. कोणीतरी वरून पाणी ओतायचं, तेही मनात आलं तर. ओतणाऱ्या बाया पदर सावरून घ्यायच्या. हे आईने मला एकदाच सांगितलं, तेही भाकरी थापता थापता, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. पण शाळेत जाताना माझा गणवेश साऱ्या वर्गात सगळ्यांत पांढरा असायचा. नीळ घातलेला, कडक, घडीवर घडी. पावसाळ्यात वाळला नाही तर ती तव्यावर धरून वाळवायची. आमच्या घरातून बाहेर जाणारी एकही चिंधी मळकी असता कामा नये, हे तिने आयुष्यभर पाळलं. तिच्या नाती जिथे जगायची लढाई लढत होत्या तिथे, डॉक्टरांच्या हातात, ती लेकीच्या घामाने भिजलेलं फडकं कसं पाठवणार होती? आपल्याला कोणी घाणेरडं म्हणू नये, एवढ्यासाठी तिने माझा वास रोज पहाटे दगडावर आपटून काढून टाकला होता.

राग आला, तो आईवर धरता येईना. विहिरीवरच्या बायांवर धरावा तर त्या केव्हाच मरून गेलेल्या. "जाऊ दे," मी म्हटलं. आईने राहिलेलं धुणं पिळलं आणि कुंपणावर टाकलं. त्यावर आम्ही मायलेकी पुन्हा कधी बोललो नाही.

मुली घरी आल्या, वाढल्या, ओळखायलाही लागल्या. कशा लागणार नाहीत? आता तर दुकानात येऊन चिंध्यांच्या बाहुल्या करतात आणि माझा खडू पळवतात. करुणाला जाड भिंगाचा चष्मा आहे, लवकर आलेल्या बाळांच्या डोळ्यांचं असं होतं म्हणतात. मुदिता बारीक आहे पण आवाज मोठा. पडलं, खरचटलं की दोघी अजून आधी विजयकडे धावतात. लोक म्हणतात, मुली बापाच्या लाडक्या असतातच. मी हो म्हणते. त्यांची ताप आलेली डोकी मांडीवर घेऊन मी बसले आहे, त्यांचे सगळे कपडे माझ्या हातचे आहेत. पण त्या पहिल्या दिवसांचं कापड माझ्याकडे आलंच नाही, आणि जे कापड आलंच नाही ते कितीही कसबी शिंपिणीला बेतता येत नाही. परत ते दिवस मिळाले तर मी काय केलं असतं, हे मी शिवता शिवता पुष्कळदा मनात करून बघते. बाजेवरून उतरले असते. पिशवी स्वतः भरली असती. टाके उसवले तर उसवले. मग मशीन थांबवून दोरा बदलते.

गेल्या रविवारी मुरबाडला गेलो होतो. आई थकली आहे. करोनात तिचा वास गेला तो परत आलाच नाही. भाजी करपली तरी कळत नाही, म्हणून चुलीशी तिला एकटीला सोडत नाहीत. ती ओट्यावर बसून होती, मी तिच्या दगडाशी बसून तिचं धुणं धूत होते. तिच्यासारखंच आपटते मी, हे आताशा माझ्या लक्षात येतं. मागच्या शेतात सकाळीच राब पेटवला होता. धूर नेहमीसारखा जमिनीवरून सरकत परड्यात आला.

"पेटला का गो राब?" आईने विचारलं. "डोळं चुरचुरतात, पण वास काय मला येत नाय."

करुणा कुंपणाशी खेळत होती. तिथे एक फडकं वाळत होतं. त्या वेळच्या चौकोनांपैकीच एक. आई ते पिठाच्या डब्यावर झाकायला वापरते. दोनतीन दिवस कुंपणावरच राहिलं असावं, राख उडून त्यावर काळे ठिपके पडले होते. करुणाने ते ओढून काढलं, चष्मा वर सारला आणि नाकाला लावलं.

"आजी, याला येतोय वास," ती म्हणाली.

"कसला गो?"

करुणाने पुन्हा एकदा हुंगलं. नीट, विचार करून. एरवी दिवसभर मशीनचं तेल आणि खडू अंगाला लागलेली मी दहा पावलांवर बसले होते.

"आईचा," ती म्हणाली.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. काहीतरी करायला हवं म्हणून मी ओला हात पुढे केला. "आण इकडे ते. किती मळलंय बघ. धुवून टाकते."

"नको गो," आई ओट्यावरून म्हणाली. "ते ऱ्हाऊ दे. धुवू नको त्याला."